मदत हवी आहे : खदानीभोवतीच्या झाडोऱ्याची नोंद कशी करू?

राम राम मंडळी. मी धुळ्याकडचा, एमएस्सी वनस्पतिशास्त्राला आहे. प्रकल्पासाठी गावाजवळची काळ्या दगडाची खदान आणि तिच्या आसपासचा झाडोरा घेतला आहे. मे महिन्यात एक चक्कर मारली, पण मूर्खपणाच झाला. सालई निष्पर्ण, गवत वाळून कुसळं झालेलं, ओळखणार काय? अंजन, पळस, खैर, हिवर, बोर एवढीच नावं वहीत आली. आता पोळ्याच्या सुमारास पुन्हा जायचं ठरवलंय, तेव्हा गवतं फुलोऱ्यावर असतील.

झाडांसाठी १० × १० मीटर, झुडपांसाठी ५ × ५ आणि गवतासाठी १ × १ मीटरचे चौकोन आखणार आहे. अडचण अशी, की खदानीच्या कडेला उतार फार आणि माती जवळजवळ नाहीच. तिथे चौकोन आखावेत, की खदानीपासून बाहेर सरळ दोरी धरून ठराविक अंतरावर नोंदी घ्याव्यात? धूळ वाऱ्याच्या दिशेने जास्त बसते, म्हणून मला दोरीच बरी वाटते. सर म्हणतात चौकोनच. तुलनेसाठी खाणकाम न झालेली टेकडी किती लांबची घ्यावी?

टाकलेल्या मुरुमावर गाजरगवत आणि टाकळा माजलाय. तो वेगळा मोजायचा का?

आणखी एक, पावसाळी हवेत नमुने वर्तमानपत्रात दाबले की बुरशी धरतात. कागद रोज बदलूनही. कुणी काय युक्ती करतं?