मदत हवी आहे: पिकअपचा सायलेन्सर पाईप अडीच इंची करू का?

गाडी २०१८ ची पिकअप, अडीच लिटर टर्बो डिझेल, बीएस-४. एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून तुळजापूर घाट चढताना पार दम टाकते अन् काळा धूर. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवीन टाकले, टर्बोचा होज बघितला, फाटलेला नाही. सायलेन्सर खोलला तर आतून गंजाच्या पापड्या पडल्या अन् दोन इंची पाईप बेंडला चेपलेला, दोन बोटं जेमतेम जातील. आता पाईप नवाच करायचाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातला विषारी वायू कमी करणारा डबा) काढणार नाही, पासिंग आहे, आवाजपण वाढवायचा नाही. वेल्डिंगवाला म्हणतो अडीच इंची टाक, पण त्याच्याकडं साधं बेंडिंग, म्हणजे वळणावर परत चपटंच की. कन्व्हर्टरच्या मागं अडीच इंचीनं खरंच फरक पडंल का दोनच ठेवू, आणि सोलापुरात न चेपता मँड्रेल बेंड (पाईपच्या आत दांडा घालून वळवतात ते) कोण करून देतं का पुण्यालाच जावं लागंल?