सोरायसिसवाल्यांनो, काळा शर्ट शेवटचा कधी घातलात?

माझ्या कपाटात अकरा वर्षांत काळा शर्ट आलेला नाही. खांद्यावर खपल्या पडतात आणि समोरचा 'कोंडा झालाय का?' म्हणतो. मावशीच्या मते रक्त अशुद्ध आहे. (कारल्याचा रस पिऊन झाला. रक्त आहे तसंच आहे.)

डॉक्टरांनी मला समजावलं ते असं: त्वचेची पेशी तळाशी तयार होऊन वर येते आणि गळून पडते, त्याला साधारण महिना लागतो. आपली प्रतिकारशक्ती उगाचच खवळलेली असते, त्यामुळे तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. कच्च्या पेशी साचतात, तीच ती चंदेरी खपली. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुमचं कसं सुरू झालं, कशाने बिघडलं, लिहा. डोस मात्र एकमेकांना सुचवू नका.

सोलापूर
कोपरावर चट्टा उठला, मेडिकलवाल्याने गजकर्ण म्हणून ट्यूब दिली. आठ दिवसांत साफ! मग दोन वर्षं तीच ट्यूब. बंद केली तर पाठ, पोटऱ्या, डोकं, सगळीकडे उठलं. त्यात कडक स्टेरॉइड होतं हे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. कातडीही पातळ झाली होती.

सांगली
माझा चट्टा म्हणजे कमरेभोवतीचा पट्टा. परकराची नाडी काचते तिथेच, बरोब्बर! जिथे घासतं, खरचटतं तिथे हा उठतो, त्याला कोब्नर म्हणतात म्हणे. आता सैल इलास्टिक वापरते. पट्टा फिका झालाय, गेलेला नाही.

ठाणे
मुलगा नववीत. घसा सुजून ताप आला, तो उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे लाल ठिपके. तीन महिन्यांत गेले.

नाशिक
माझी सुरुवात नखांपासून. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे. बुरशी समजून वर्ष घालवलं. मग बोटं सुजली, सकाळी चहाचा कप धरवेना. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजले असतील म्हणून तपासलं, तर तेही नॉर्मल! शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी डोक्यातले केस बाजूला करून चट्टा पाहिला आणि दोन्ही गोष्टी जोडल्या. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, हे तोवर कुणी बोललंच नव्हतं. खवळलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. मी रोज घेणार होतो, केमिस्टने हटकलं म्हणून वाचलो. आता ठरलेल्या तपासण्यांत लिव्हर बघतात, दारू बंद.

मालवण
कोवळ्या उन्हात मला बरं वाटतं, थंडीत चट्टे तडकतात. लग्न ठरताना दादा म्हणाला, मुलीकडच्यांना इतक्यात सांगू नको. मी पहिल्याच भेटीत बाही वर केली. ती वाकून बघत म्हणाली, "आमच्या आजोबांना होतं. आंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलं असतानाच खोबरेल लावायचे. तुम्ही लावता की नाही?"

लावत नव्हतो.