मॉडेल ए, मडगार्ड नाहीत: पुढे ड्रॉप ॲक्सल की मस्टँग टू?

सॅक्रामेंटोकर
मंडळी, १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे गॅरेजात उभी आहे. हॉट रॉड करतोय, म्हणजे जुनी गाडी, दमदार इंजिन. शेवरोलेचं ३५० (घन इंचाचं व्ही-८ इंजिन) बसवून झालं. मडगार्ड लावणार नाही, पुढची चाकं उघडीच. घोडं अडलंय ते पुढच्या सस्पेन्शनवर. शेजारचे आजोबा (वेल्डिंग अप्रतिम, तोंड फटकळ) म्हणतात, मस्टँग टूचा क्रॉसमेंबर (प्रत्येक चाक सुटं हलणाऱ्या सस्पेन्शनचा आडवा सांगाडा) टाक, रॅक-पिनियन स्टिअरिंग मिळेल. मला फोर्डचा आडवा पाटाच (ॲक्सलवर आडवी बसणारी पट्ट्यांची स्प्रिंग) ठेवावासा वाटतो. क्रोमचा ट्यूब (पोकळ नळीचा) ॲक्सल आणि हेअरपिन (ॲक्सल चॅसीला धरून ठेवणारे दुहेरी दांडे) स्वस्तात मिळतायत, उचलू का? घरून बजेट एकदाच मंजूर झालंय.

आडवा_पाटा
मडगार्ड नाहीत ना? मग विषय संपला. मस्टँग टूचं सामान १९७४ ते ७८ च्या छोट्या मस्टँगवरून आलेलं. चालतं झकास, पण तुमच्या गाडीत ते आर्म आणि कॉइल स्प्रिंगा भर चौकात दिसणार. १९४० च्या जाडजूड मडगार्डवाल्या गाडीत खुशाल टाका, कोण वाकून बघतंय! शिवाय आजोबांची करवत एकदा चॅसीवर चालली की माघार नाही.

चार इंच ड्रॉपचा आय-बीम (इंग्रजी I सारख्या छेदाचा, टोकं वर आणि मधला भाग खाली असलेला ॲक्सल) घ्या. पाट्याला हात न लावता गाडी खाली बसते. स्टिअरिंग आर्मही ड्रॉपवाले घ्या, नाहीतर टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) हेअरपिनला घासेल.

आणि तो ट्यूब राहू दे. हेअरपिन ॲक्सलला पक्की जखडलेली असते. एकच चाक खड्ड्यात गेलं की ॲक्सलला पीळ बसतो. आय-बीम थोडा पिळवटतो आणि सोसतो. ट्यूब पिळायला तयार नसते, मग सगळा जोर ब्रॅकेटवर जातो आणि वेल्ड तडकतं. ट्यूबच हवी असेल तर हेअरपिनऐवजी फोर-बार (चार सुटे दांडे) लावा.

सॅक्रामेंटोकर
पटलं. स्टिअरिंग बॉक्स शेवरोले व्हेगाचा पडून आहे, क्रॉस स्टिअर करणार, म्हणजे बॉक्सचा दांडा (ड्रॅग लिंक) आडवा पलीकडच्या चाकाकडे.

आडवा_पाटा
मग पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) लागेलच. आडवा पाटा शॅकलवर (झुलत्या कड्यांवर) लोंबतो, स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायच्या आधी ॲक्सलच बाजूला सरकतो. रॉडचं चॅसीकडचं टोक स्टिअरिंग बॉक्सच्याच बाजूला घ्या, लांबी ड्रॅग लिंकएवढी आणि तिला समांतर. नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर गाडी स्वतःच्या मनाने वळेल.

विलीजवाला_पुणे
हॉट रॉडमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण सॉलिड ॲक्सलची थरथर आमच्या जीपमुळे चांगली ठाऊक आहे. बहुतेक जण डॅम्पर लावून मोकळे होतात. आधी किंग पिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) बघा. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बहुधा बुश गेले.

आडवा_पाटा
+१. कॅस्टर (किंग पिनचा मागे कल) ५ ते ७ अंश ठेवा, पण मोजायचा तो इंजिन आणि टायर चढवून, गाडी आपल्या उंचीवर बसल्यावर. मागची बाजू उंच ठेवलीत की तेवढा कॅस्टर कमी भरतो. हेअरपिनच्या क्लेव्हिसचे (टोकाच्या दुबेळक्याचे) आटे त्यासाठीच आहेत, दोन्ही बाजू सारख्या फिरवा.

सॅक्रामेंटोकर
आय-बीम ऑर्डर करतो. आजोबांना तुम्हीच सांगा.