टीएमएओ लाल रंगात आलंय, आता मासे-अंडी बंद करायची का?

चौकस:
नमस्कार मंडळी. वय 46, सिगारेट नाही, बीपी ठीक. वडिलांना 54व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणून लिपिड प्रोफाइल नेमाने करतो. यंदा हौसेने ‘मेटाबोलाइट्स’वालं (म्हणजे शरीरातल्या रासायनिक घडामोडींत तयार होणारे छोटे रेणू मोजणारं) मोठं पॅकेज घेतलं आणि डोक्याला ताप झाला. ‘टीएमएओ’ नावाच्या ओळीपुढे लाल ठिपका, शेजारी ‘हृदयविकाराचा धोका: जास्त’. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही अमिनो आम्लं पिवळ्या रंगात. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 148, पण ते दरवेळी तिथेच कुठेतरी असतं. शेवटच्या पानावर सल्ला: मासे, अंडी, लाल मांस बंद. बायको म्हणते, मासे तर हृदयाला चांगले असं जिकडेतिकडे छापून येतं. कुणाचं ऐकू?

परीक्षानळी:
आधी दोन गोष्टी सांगा. रक्त द्यायच्या आदल्या रात्री काय जेवलात? आणि क्रिएटिनिन किती आहे?

चौकस:
मासेच. समुद्रातले, आणि हात आखडता न घेता. पण सकाळी उपाशीपोटीच रक्त दिलं हो. क्रिएटिनिन 0.9.

परीक्षानळी:
वाटलंच. चोर सोडून संन्याशाला सुळी चाललीय तुमच्याकडे. माझी उमेदीची वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेली, त्यामुळे असे रंगीत ठिपके दिसले की आधी मला जेवणाचा बेत विचारावासा वाटतो.

टीएमएओ रक्तात दोन वाटांनी येतं. एक वाट लांबची. अंड्याच्या बलकातलं कोलीन आणि लाल मांसातलं कार्निटीन आतड्यातले जिवाणू फोडतात, त्यातून टीएमए नावाचा वायू निघतो. तो यकृतात पोचला की एफएमओ3 हे एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडतं आणि टीएमएओ तयार होतं. दुसरी वाट थेट आहे. समुद्री माशांच्या अंगात टीएमएओ आयतंच असतं. खोल पाण्याच्या दाबाखाली प्रथिनांची घडी विस्कटू नये म्हणून ते त्यांना लागतं. मासा शिळा व्हायला लागला की जिवाणू त्याचं परत टीएमए करतात. आपण नाक मुरडतो तो वास त्याचाच. (काही लोकांचं एफएमओ3 जन्मतःच नीट चालत नाही, त्यांच्या घामाला हाच वास येतो. आजार दुर्मिळ, पण बिचाऱ्यांना चार माणसांत बसणं नकोसं होतं.)

2017 साली एक प्रयोग छापून आला. 40 निरोगी तरुणांना आळीपाळीने मासे, अंडी, लाल मांस आणि फळं खायला दिली आणि दर थोड्या वेळाने रक्त तपासलं. माशांनंतरचं टीएमएओ बाकी सगळ्यांच्या साधारण 50 पट, आणि ते चढायला पाव तासात सुरुवात. म्हणजे जिवाणूंची वाट बघायचीही गरज नाही. हे सगळं लघवीतून जातं, पण रात्रीचं भरपेट जेवण सकाळपर्यंत पुरतं निघून गेलेलं असेलच असं नाही. तुमचा लाल ठिपका हा बहुतेक आदल्या रात्रीच्या ताटाचा हिशोब आहे.

क्रिएटिनिन विचारलं ते किडनीसाठी. किडनी थकली की टीएमएओ साचतं, आणि किडनीच्या रोग्यांना हृदयविकार तसाही जास्त होतो. मग दोष रेणूचा की किडनीचा, हे वेगळं काढणं अवघड. तुमची किडनी ठीक दिसते.

खवय्या:
म्हणजे टीएमएओ हे सगळं थोतांडच का?

परीक्षानळी:
छे, थोतांड नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी 2011 मध्ये हा धागा पकडला आणि 2013 मध्ये 4007 रुग्णांचे आकडे मांडले. सगळे अँजिओग्राफीसाठी आलेले, पुढे तीन वर्षं पाठपुरावा. टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्या चौथाईत अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या चौथाईच्या सुमारे अडीच पट. त्यातच निरोगी माणसांना उकडलेली अंडी खायला घालून टीएमएओ वाढतं हे दाखवलं. मग आठवडाभर अँटिबायोटिक्स दिल्यावर ते जवळजवळ नाहीसं झालं आणि औषध थांबल्यावर परत आलं. काम चोख आहे.

पण ‘धोक्याबरोबर वाढतं’ आणि ‘धोका घडवतं’ यात अंतर असतं, आणि त्या अंतरात भल्याभल्यांचे पाय घसरलेत. होमोसिस्टीन हे रक्तातलं अमिनो आम्ल आठवतंय का? एके काळी प्रत्येक रिपोर्टात असायचं. वाढलेलं असेल तर हृदयविकार जास्त, आणि फॉलिक ॲसिड व बी12 च्या गोळीने ते झटक्यात उतरतं. सगळे खूश. मग नॉर्वेत अटॅक येऊन गेलेल्या 3749 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, 2006 मध्ये निकाल आला. होमोसिस्टीन 27 टक्क्यांनी खाली, अटॅक मात्र कमी झाले नाहीत. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वाढवणाऱ्या टॉरसेट्रॅपिब या औषधाचं तर त्याच वर्षी याहून वाईट झालं. आकडा झकास वाढला, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले आणि चाचणी मध्येच बंद करावी लागली.

म्हणून मी तुमच्या 148 वर बोट ठेवते. एलडीएल या असल्या परीक्षेत पास झालेलं आहे. पीसीएसके9 नावाच्या जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या काही माणसांचं एलडीएल आयुष्यभर साधारण 28 टक्के कमी राहतं, आणि 2006 च्या एका अभ्यासात त्यांच्यात हृदयविकार 88 टक्के कमी दिसला. ना गोळी, ना पथ्य, फक्त जन्मापासून कमी एलडीएल. औषधांनी ते उतरवलं तरी अटॅक कमी होतात. टीएमएओच्या बाजूने असा पुरावा अजून नाही.

आकडेमोड:
ताई, संन्याशाला अगदीच निर्दोष सोडू नका. टीएमएओने प्लेटलेट्स (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी) जास्त चिकट होतात हे प्रयोगशाळेत दिसलंय. शिवाय महिनाभर रोज लाल मांस खायला दिल्यावर टीएमएओ जवळपास तिप्पट झालं आणि बंद केल्यावर उतरलं, असा 2019 चा प्रयोग आहे. तो एका रात्रीचा हिशोब नाही, सवयीचा आहे.

आणि ही पॅनेलं निरुपयोगी नाहीत, फक्त ती विकली जातात वेगळ्या कामासाठी. आहाराच्या अभ्यासात सगळ्यात मोठी बोंब म्हणजे माणसं काय खाल्लं ते धड सांगत नाहीत. रक्त थोडं जास्त खरं बोलतं. स्पेनमधल्या प्रेडिमेड या आहाराच्या चाचणीतल्या आणि अमेरिकेतल्या काही मोठ्या गटांतल्या लोकांच्या रक्तावरून 2020 मध्ये 67 मेटाबोलाइट्सची एक खूण काढली. भूमध्य सागरी पद्धतीचा आहार कोण किती पाळतो ते त्यातून कळत होतं, आणि पुढे हृदयविकार कुणाला होईल याचाही अंदाज येत होता. पण तिथे 67 रेणू एकत्र आणि हजारो माणसं होती. एका माणसाच्या एका सकाळच्या एका रेणूवरून मासे बंद करायला सांगणं म्हणजे कमालच.

परीक्षानळी:
मान्य. लाल मांसाबद्दल माझं काहीच भांडण नाही, ते कमीच करा. संपृक्त चरबीसाठी तसंही करायचंच आहे. संपृक्त चरबीमुळे यकृतावरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर कमी होतात, त्यामुळे एलडीएल रक्तातच फिरत राहतं. जागतिक आरोग्य संघटना एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. उलट ओट्स, डाळी, सफरचंद यांतला विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो. यकृताला नवं पित्त बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, ते मग रक्तातून ओढून घेतं. मासे खा, फक्त तळून नको.

पिवळ्या अमिनो आम्लांचं राहिलं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातल्या माणसांत ती मधुमेहाच्या 12 वर्षं आधीपर्यंत वाढलेली दिसली होती, 2011 साली. पण ती वाढतात ती मुख्यतः इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून. डाळ-अंडी सोडून काही साधणार नाही. पोटाचा घेर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) बघा.

चौकस:
घेराचं नका विचारू. बरं, टीएमएओ परत तपासू का?

परीक्षानळी:
हौसच असेल तर आधीचे दोन-तीन दिवस मासे न खाता तपासा. मी असते तर ते पैसे अपोबी आणि एलपी(ए)वर घातले असते. अपोबी हे प्रथिन. कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या प्रत्येक घातक कणावर त्याचा रेणू एकेकच असतो, म्हणून कण किती आहेत ते थेट कळतं. एलपी(ए) हा एलडीएलसारखाच एक कण, त्याचं प्रमाण बहुतांशी आईवडिलांकडून येतं, आहाराने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं की पुरतं. तुमच्या वडिलांना 55च्या आत अटॅक आलाय, तेव्हा ते आधी करा आणि दोन्ही आकडे 148 सोबत डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी लागेल की नाही ते तेच ठरवतील.