कारल्याच्या पावडरीतलं 'वनस्पती इन्सुलिन' खरंच काम करतं का? डोस अर्धा करू?

मोगरा_७
सासूबाईंना कारल्याच्या बियांची पावडर सुरू करून अकरा दिवस झाले. डब्यावर 'पॉलिपेप्टाइड-पी, वनस्पती इन्सुलिन' असं छापलंय. सकाळी अनशापोटी एक चमचा, रात्री जेवणाआधी एक. उपाशीपोटीची साखर १६८ वरून ११२ वर आली, सगळे खूश. पण परवा आणि आज पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरत होते. आज तर उशीचा अभ्रा पिळावा इतका ओला झाला होता. दूध-बिस्किट दिल्यावर बऱ्या झाल्या. घरातले म्हणतात, शरीर शुद्ध होतंय. मला एवढंच सांगा की या प्रोटीनचा डोस अर्धा करू का? डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. प्लीज लवकर.

सदाफुली
वय काय? गोळ्या कोणत्या? घाम आला तेव्हा साखर तपासली का?

मोगरा_७
वय ७१. गोळ्या नेहमीच्याच. मीटर आहे, पट्ट्या संपल्यात. पावडरीचं सांगा ना कुणीतरी.

रानवाटा
पावडरी कशाला, इन्सुलिनचं झाड लावा. आमच्या दारात आहे. कांडी खोचली तरी जगतं, ऊन बेताचं हवं, पाणी साचू द्यायचं नाही. मी चार वर्षं रोज एक पान चावून खातोय, साखर आटोक्यात आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी याच झाडातून इन्सुलिनसारखं प्रोटीन वेगळं केलंय, म्हणजे हा काही गावठी समज नाही.

तिसरा_प्रहर
रानवाटा, ते काम चांगलं आहे, पण ते उंदरांवरचं आहे. त्यावरून ७१ वर्षांच्या बाईंचा डोस ठरत नाही.
मोगरा, पॉलिपेप्टाइड-पी ही थाप नाही. जयपूरच्या खन्ना आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली त्यावर निबंध छापला होता. पण त्यांनी ते प्रोटीन शुद्ध करून त्वचेखाली टोचलं होतं. चमच्याने खाल्लं तर ते जठरात आणि आतड्यात डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचायला लागतं. माणसाचं इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं, तेही याच कारणाने गोळी म्हणून न देता टोचावं लागतं. पॉलिपेप्टाइड-पी तर १६६ अमिनो आम्लांचं आहे. डबेवाले नाव इंजेक्शनच्या प्रयोगातलं घेतात आणि विकतात चूर्ण.

रानवाटा
मग १६८ ची ११२ कशी झाली? पोथीतलं सांगू नका, समोर दिसतंय ते बघा.

तिसरा_प्रहर
साखर उतरली हे मीही मान्य करतो. कारल्यात प्रोटीनखेरीज इतरही द्रव्यं आहेत, चॅरंटिन वगैरे. पण त्याच अकरा दिवसांत घरात आणखी काय बदललं, ते कुणी विचारलंय का?

सुगरण_नाशिक
कडूपणा जात नसेल तर कारली चिरून मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवायची, घट्ट पिळायची. मग चिंच, गूळ, दाण्याचं कूट. गूळ अगदी सुपारीएवढा. आमच्याकडे पोरंसुद्धा खातात.

पाऊलखुणा
ही पावडर मिळते कुठे? वडिलांसाठी हवी होती.

सदाफुली
पाऊलखुणा, जरा थांबा. मोगरा, 'नेहमीच्या' म्हणजे कोणत्या? गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि नावं जशीच्या तशी लिहा. रात्री त्या किती खातात तेही. मूत्रपिंडाचा रिपोर्ट असेल तर क्रिएटिनिन सांगा.

मोगरा_७
ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० अशी एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ. पावडर सुरू केली त्याच दिवसापासून त्यांनी रात्रीची भाकरी सोडलीय, वाटीभर दुधीचं सूप घेतात. क्रिएटिनिन १.६.

सदाफुली
हेच कळायला हवं होतं. मी बारा वर्षं मधुमेहाच्या ओपीडीत परिचारिका आहे, म्हणून जीव तोडून सांगते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात भाकरी असो वा नसो. क्रिएटिनिन १.६ म्हणजे मूत्रपिंड मंद, आणि ते मंद असलं की या गोळीचा असर लांबतो. त्यात जेवण घटलं आणि वर कारल्याची पावडर. पहाटेचा घाम, थरथर ही साखर खाली गेल्याची लक्षणं आहेत. यात शुद्धी कसली!
पावडर आजच बंद. अर्धीही नको. रात्रीचं जेवण पूर्ववत. गोळीत मनाने फेरफार करू नका, पण सोमवारपर्यंत थांबूही नका, आत्ता डॉक्टरांना फोन लावा आणि संध्याकाळच्या गोळीचं विचारा. पट्ट्या मागवा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. दूध-बिस्किट त्यानंतर, त्याने साखर सावकाश चढते. गुंगीत असतील तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

रानवाटा
गोळ्यांचं माहीत नव्हतं. मला फक्त मेटफॉर्मिन आहे, म्हणून माझं पान निभावत असेल. मोगराताई, झाडाचं मागे घेतो, आईंना पान देऊ नका.

मोगरा_७
डॉक्टर फोनवर भेटले. पावडर बंद करायला सांगितली, आजची संध्याकाळची गोळी द्यायची नाही, उद्या सकाळी दवाखान्यात बोलावलंय, डबाही घेऊन. पट्ट्या आल्या तेव्हा साडेसात वाजले होते आणि साखर निघाली ६४. तेव्हा त्या सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या, नुसतं 'जरा कसंतरी होतंय' म्हणाल्या. ग्लुकोज दिलं. पंधरा मिनिटांनी ८९. मग भाकरी, वरण, थोडी भाजी. आत्ता ११८ आहे. पहाटे तीनचा गजर लावलाय, तेव्हाचा आकडा इथे लिहिते.