मदत हवी आहे : तरुण कारवानी कुत्र्यांना काळवीट आणि सशामागे न धावण्याचे शिक्षण कसे द्यावे?

नमस्कार.

माझी शेती उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळरानापासून फार लांब नसलेल्या एका गावात आहे. ज्वारी, तूर आणि थोडा हरभरा एवढीच पिके घेतो आणि जोडीला चाळीसेक शेळ्या आहेत. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून कारवानी जातीची कुत्री आहेत. सध्या तीन आहेत : नऊ वर्षांची मैना, तिचा चौदा महिन्यांचा नातू तुरा आणि तीन महिन्यांपूर्वी जन्मलेली चिमी. मैना आता वयामुळे फारशी धावत नाही. प्रश्न तुऱ्याचा आहे, आणि चिमीच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

फेब्रुवारीत ज्वारीची काढणी झाली आणि रान उघडे पडले. ताटे उभी असेपर्यंत कुत्र्याच्या नजरेला जे दिसत नव्हते ते सगळे आता दिसू लागले. एके दिवशी सकाळी मी तुऱ्याला नेहमीसारखे मोकळे सोडले असता पलीकडच्या पडीक रानात काळविटांचा कळप चरत होता. तुऱ्याने मान वर केली, क्षणभर एक पाय उचलून तो स्तब्ध उभा राहिला आणि सुटला. मी हाका मारल्या, शीळ घातली, मागे धावलो, पण त्याच्या कानावर काहीही गेले नाही. कळप फुटला आणि एक मादी शेजारच्या बांधावरच्या तारेत अडकली. मी पोहोचेपर्यंत ती सुटून पुढे गेली होती आणि तुरा जीभ बाहेर काढून तिथेच बसला होता. त्याने तिला दातही लावला नव्हता. तरीही दुपारी ती ओढ्याजवळ आडवी पडलेली सापडली. वन विभागाला मीच कळवले, त्यांची माणसे लगेच आली, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेली. अति पळण्याने आणि भीतीने हरणांचे स्नायू आतून निकामी होतात आणि जखम नसतानाही ती दगावतात, असे तपासणीसाठी आलेल्या पशुवैद्यांनी सांगितले. हे मला माहीत नव्हते. ‘कुत्र्याने धरले नाही, म्हणजे काही झाले नाही’ असेच आम्ही इतकी वर्षे मानत आलो होतो.

या जातीचा जन्मच धावण्यासाठी आहे, हे मी जाणतो. आजोबांच्या तरुणपणी ही कुत्री सशांवर सोडली जात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो काळ संपला. त्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तीत केवळ मारणे येत नाही, तर पाठलाग करणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. पण मी इथे कायद्याच्या भीतीने लिहीत नाही. माझ्या कुत्र्यामुळे एक जीव गेला आणि कुत्र्याला त्यात आपण काही चुकीचे केले हे ठाऊकही नाही, ही गोष्ट मला झोपू देत नाही. कायदा बदलला हे माणसाला वाचून कळते, कुत्र्याला ते कोणीतरी शिकवावे लागते आणि ते शिकवायला मी कमी पडलो.

आतापर्यंत काय केले ते सांगतो. तुरा शेळ्यांना त्रास देत नाही, कारण तो त्यांच्यातच वाढला. कोंबड्यांचेही तसेच. यावरून मला वाटले होते की जो शेळीला सोडतो तो हरणालाही सोडेल, पण तसे झाले नाही. खरे तर शेळ्याही एकदम बुजून पळाल्या की तो दोन ढांगा टाकतो आणि मग थांबतो. त्या प्रसंगानंतर तो घराजवळ बांधलेला असतो. दिवसभर साखळीला राहून तो चिडचिडा झाला आहे आणि संध्याकाळी मी साखळी सोडायला गेलो की अंगावर उड्या घेतो. असे कायमचे बांधून ठेवणे मला मान्य नाही.

एका नातेवाइकाने विजेचा झटका देणारा गळपट्टा घेण्याचा सल्ला दिला आहे. गावातील एक वृद्ध गृहस्थ गुरांना बांधतात तसे लोढणे गळ्यात बांधा म्हणतात. दोन्हींविषयी माझे मन साशंक आहे. ज्याला एकदा पाठलागाची चव लागली आहे असा चौदा महिन्यांचा नर अजून सुधारू शकतो का, सुरुवात कुठून करावी आणि चिमीला आतापासून काय शिकवावे, हे अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचे आहे. मैनेला सोबत नेल्याने उपयोग होईल की नुकसान, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण वन विभागाला स्वतः कळवलेत, हे फार चांगले केलेत.

आमच्याकडेही मराठवाड्यात अनेक वर्षे ही कुत्री आहेत. माझ्या अनुभवात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण स्वतःच लिहिली आहे, फक्त तिच्यावर थांबला नाहीत : ‘मान वर केली, क्षणभर एक पाय उचलून तो स्तब्ध उभा राहिला.’ शिकवण्याची सगळी जागा त्या क्षणात आहे. वासावर चालणारे कुत्रे माग काढत हळूहळू तापते, त्याला मध्येच परतवायला वेळ मिळतो. कारवानी नजरेचे कुत्रे आहे. ते पाहते आणि सुटते, आणि एकदा सुटले की त्याच्या लेखी मालक उरतच नाही. अशा वेळी हाका मारत राहिल्याने एकच गोष्ट घडते : आपल्या हाकेला अर्थ नाही, हे ते शिकते. म्हणून सुटल्यावर हाक मारू नका, सुटण्याआधी मारा. त्यासाठी ते आधी दोरावर असायला हवे.

तुऱ्यासाठी नवीन हाक निवडा, कारण जुनी खराब झाली आहे. एखादी पितळी शिट्टी चालेल. पहिले पंधरा दिवस ती फक्त घरी, खुराकाच्या वेळी वाजवा आणि प्रत्येक वेळी त्याला सर्वांत आवडणारा घास द्या. भाकरीचा तुकडा नव्हे, उकडलेले मांस किंवा काळीज. मग शेळ्यांजवळ वाजवा. त्यानंतरच काळविटांकडे जा, आणि तेही इतक्या लांब की त्याला कळप दिसेल पण तो तुमच्या हातातला घास अजून घेईल. घास घेत नसेल तर तुम्ही फार जवळ गेला आहात असे समजा आणि मागे या. अंतर पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवा, कारण माणसाची आठवण स्वतःच्या सोयीची असते. चरणारा कळप सोपा, पळणारा अवघड. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नका. आणि कळपाने माना वर केल्या की तुम्हीच मागे फिरा, कारण आपल्या शिकवणीसाठी त्यांना बुजवणेही योग्य नाही.

पाठलाग करून परत आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नका. त्याच्या दृष्टीने मार पाठलागाबद्दल नसतो, परत येण्याबद्दल असतो, आणि पुढच्या वेळी ते परतच येत नाही.

मैनेला सध्या नेऊ नका. दोन कुत्री एकत्र असली की एकाने पाहिलेले दुसरे धावते. चिमीसाठी मात्र शांत मैना उत्तम गुरू ठरेल, पण शेळ्यांच्या वाड्यात, रानात नव्हे.

प्रतिसाद २

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहतो. माझे शेजारी रकून या रात्री फिरणाऱ्या लहान प्राण्याच्या शिकारीसाठी कुत्री पाळतात; ती शिकार तिथे कायदेशीर आहे. त्यांची अडचण आपल्यासारखीच आहे : कुत्र्याने रकूनचाच माग काढावा, वाटेत हरीण, ससा किंवा ऑपॉसम आले तर ते सोडून द्यावे. अशा नको असलेल्या प्राण्यांना ते सरळ ‘ट्रॅश’, म्हणजे कचरा, म्हणतात. शब्द मला आवडत नाही, पण त्यामागची शिस्त शिकण्यासारखी आहे.

त्यांची जुनी पद्धत अशी की हरणाच्या वासाचे फडके तरुण कुत्र्याजवळ इतके दिवस ठेवायचे की तो वास त्याला कंटाळवाणा व्हावा. आपल्याला तिचा उपयोग होणार नाही असे मला वाटते, कारण तुऱ्याला वासाने नव्हे तर हालचालीने पेटवले आहे. झटक्याचा पट्टा तिथे सर्रास वापरतात. मात्र जाणकार शेजारी सांगतात की कुत्रे नक्की कशामागे आहे याची पूर्ण खात्री असल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, कारण झटक्याच्या क्षणी डोळ्यांसमोर जे असेल त्याच्याशी कुत्रे ती वेदना जोडते. आपल्या रानात तुऱ्याच्या समोर त्या क्षणी शेळी किंवा लहान मूल असेल तर काय होईल, याचा विचार करावा. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बंदच आहेत.

इंग्लंडमधील कोल्ह्यांच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांच्या जुन्या परंपरेतील एक गोष्ट मात्र चिमीसाठी घेण्यासारखी आहे. तिथे पिल्ले कळपात घेण्याआधी काही महिने शेतकऱ्यांच्या घरी वाढायला देत, म्हणजे कोंबड्या, मेंढ्या, गाडीघोडे हे सगळे त्यांना रोजचेच होत असे. तुऱ्याच्या बाबतीत शेळ्यांचे जे झाले तेच हे आहे.

प्रतिसाद ३

मी पशुवैद्य आहे, म्हणून फक्त शरीराविषयी लिहितो.

लोढणे बांधू नका. या जातीचे पाय लांब आणि बारीक असतात, वेगात लाकूड पायात आले तर हाड मोडते. दोरही गळपट्ट्याला लावू नका. कारवानी काही ढांगांतच मोठा वेग घेते आणि दहा मीटरचा दोर संपताच बसणारा हिसका मानेच्या मणक्यांवर येतो. छातीभोवती बसणारा रुंद पट्टा घ्या, दोर सुरुवातीला तीन-चार मीटरपेक्षा लांब ठेवू नका आणि तो मनगटाला गुंडाळू नका, तुमचेही बोट जाईल. यांची कातडी पातळ आणि अंगावर चरबी कमी असते, त्यामुळे पट्टा आतून मऊ असावा.

मार्चनंतर सराव सूर्योदयाआधीच संपवा. पाठलागात तापलेले कुत्रे उष्माघाताने तासाभरात जाऊ शकते.

शेवटचे, आणि हे धाग्याच्या विषयाला धरूनच आहे : तिन्ही कुत्र्यांचे डिस्टेंपर (विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग) आणि रेबीजचे लसीकरण पूर्ण ठेवा. आपल्या भागात लांडगे आणि खोकड आहेत, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर त्यांना होतो. न धावताही कुत्रे माळरानाचे नुकसान करू शकते.

धागाकर्ता, सात आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. लोढण्याचा आणि झटक्याच्या पट्ट्याचा विचार पूर्णपणे सोडला आहे.

शिट्टी घेतली आणि वहीही ठेवली. पहिल्या दिवशी तुऱ्याने चारशे पावलांवरून घास नाकारला, म्हणून सहाशेवर गेलो. काल दोनशे वीस पावलांवर चरणारा कळप पाहून त्याने पाय उचलला, मी शिट्टी वाजवली आणि तो माझ्याकडे वळला. दोर सैल होता. मला तिथेच बसावेसे वाटले. पळणाऱ्या कळपापर्यंत मात्र आम्ही अजून पोहोचलेलो नाही.

त्याची धावण्याची भूक भागवण्यासाठी मुलाने जुन्या सायकलचे मागचे चाक उलटे बसवून त्यावर दोरी गुंडाळण्याची सोय केली आहे. दोरीच्या टोकाला पांढरी पिशवी बांधून पॅडल फिरवले की पिशवी पळते आणि तुरा कुंपणाच्या आत तिच्यामागे जीव तोडून धावतो. दिवसाआड तीन फेऱ्या, त्याहून जास्त नाही. तेव्हापासून साखळीची चिडचिड बरीच कमी झाली आहे. चिमी रोज मैनेबरोबर शेळ्यांच्या वाड्यात असते.

आता एक अडचण उरली आहे. काळवीट लांबून दिसते, म्हणून अंतर माझ्या हातात राहते. ससा मात्र बांधाच्या गवतातून थेट पायाखालून उठतो. तिथे तो पाय उचलण्याचा क्षणच मिळत नाही. परवा दोर होता म्हणून निभावले. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

प्रगती वाचून फार आनंद झाला.

सशाबाबत मी आपल्याला खोटी आशा देणार नाही. मी स्वतः पाळलेल्या कारवानींपैकी एकही पायाखालून उठलेला ससा पाहून खात्रीने थांबलेली नाही. चिमी कदाचित थांबेल, तुरा बहुधा नाही. जिथे ससे आहेत तिथे तुऱ्याला छातीच्या पट्ट्याशिवाय नेऊ नका, आज नाही आणि पाच वर्षांनीही नाही. तारेच्या जाळीचे कुंपण असलेला अर्धा एकर त्याच्यासाठी राखून ठेवा, तिथे तो मोकळा राहील. आणि आपल्या भागातील विहिरींना कठडे नसतील तर रात्री त्याला मुळीच मोकळे सोडू नका. आमचे एक उत्तम कुत्रे सशामागे धावत विहिरीत गेले आणि सकाळी मिळाले.

धागाकर्ता

समजले. जाळीचा दर आजच विचारला आहे, आणि आमच्या रानातील दोन विहिरींना कठडा नाही. जाळीआधी त्यांचे काम करतो.