स्वतः पिकवलेले अन्न खाताना मन भरून का येते?

गिरणाकाठची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे बालपण चाळीसगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात गेले आणि गेली २२ वर्षे मी जळगावात राहते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी हलके काम करायला सांगितले, म्हणून घरामागच्या जेमतेम एक गुंठा जागेत भाजीपाला लावायला घेतला.

पहिल्या हंगामात भरिताच्या वांग्याची ४० रोपे लावली होती. शेंडे माना टाकू लागले तेव्हा पाणी कमी पडते आहे असे समजून मी पाणी वाढवले. शेवटी एक शेंडा मोडून उभा चिरला, तर आत गुलाबीसर अळी निघाली. तोवर फळांनाही भोके पडली होती आणि चांगली म्हणावीत अशी अवघी ११ वांगी हाती आली. त्यातले पहिले वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजले, बोटांना चटके बसत असतानाच सोलले आणि कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून भरीत केले. ते कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीशेजारी ताटात आले, तेव्हा घास घेण्याआधी माझे हात आपोआप जोडले गेले. गेल्या वर्षभरात झोप सुधारली आहे, चिडचिड कमी झाली आहे, हेही खरे.

मात्र एक गोष्ट मनातून जात नाही. लहानपणी मी याच मातीतले अन्न रोज खाल्ले, तरी असे कधी वाटले नाही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी आखाजीलाही, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणालाही, घरात कोणी मोकळेपणाने बोलत नसे. मग आजचा माझा कृतज्ञभाव खरा आहे, की पोट या जमिनीवर अवलंबून नाही म्हणून तो मला परवडतो आहे? ज्यांनी स्वतः पिकवले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

तापीखोरे, रावेर

ताई, तुमचा प्रश्न मला जवळचा वाटला, कारण माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकाच शेतात आहेत. पाच एकर केळी आहे आणि विहिरीजवळ घरापुरते चार वाफे आहेत. एकाच विहिरीचे पाणी, एकच काळी जमीन आणि हातही माझेच. तरी केळीच्या बागेत शिरताना मन वेगळे असते आणि वाफ्याशी बसताना वेगळे.

केळीला वर्षभराहून अधिक काळ जपावे लागते. थंडीत पाने पिवळी पडतात, उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की बागेच्या कडेने वारा अडवावा लागतो, आणि एवढे करूनही एका वर्षी मृगाच्या तोंडावर आलेल्या वादळाने कापणीला आलेले घड अर्ध्या तासात आडवे केले. त्या दिवशी मी बांधावर बसून होतो. संध्याकाळी आईने वाफ्यातली मेथी खुडून आणली, भाकरी टाकली आणि म्हणाली की आज जेवायचे आहे. ती मेथीची भाजी मी आजवर विसरलेलो नाही.

तुमच्या वडिलांना अन्नाविषयी कृतज्ञता नव्हती असे कृपया समजू नका. विकायच्या पिकाकडे पाहताना बियाण्याची उधारी, मजुरी, व्यापाऱ्याने सांगितलेला भाव हे सगळे डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्या गर्दीत आनंदाला जागा उरत नाही. आमच्या भागात केळी पिकवणारी कितीतरी घरे भाजी मात्र बाजारातून आणतात. माझेही दहा वर्षे तसेच चालले होते. वाफे पुन्हा सुरू केल्यावर खर्च फारसा वाचला नाही, पण दिवसातून एकदा तरी भावाचा विचार न करता मातीला हात लागतो, आणि माझ्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

अळीसाठी एक सुचवतो: वाळलेला शेंडा दिसताच अळीसकट खुडून नष्ट करा आणि कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारा) लावा. वाट पाहिली की फळे जातात.

सातपुड्याचा शिक्षक, शहादा

ताईंना परवडण्याची जी शंका वाटते, तिच्याविषयी थोडे लिहितो. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० बागकाम करणाऱ्यांना आधी मनावर ताण येईल असे काम दिले आणि नंतर निम्म्यांना अर्धा तास आपल्या बागेत काम करायला, तर निम्म्यांना आत बसून वाचायला सांगितले. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, पण बागेत काम करणाऱ्यांमध्ये अधिक उतरले आणि त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली. अभ्यास लहान आहे, तरी झोप सुधारल्याचा तुमचा अनुभव नुसता भास नसावा असे मला वाटते.

कृतज्ञतेबद्दल म्हणाल, तर ती मला आमच्या पाड्यांवर शिकायला मिळाली. इथल्या आदिवासी घरांमध्ये नवे पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. त्याला नवाई म्हणतात. ज्यांचे सगळे पोट त्याच डोंगरउतारावरच्या शेतावर चालते, तीच माणसे हे पाळतात. म्हणून कृतज्ञता ही पोट भरलेल्यांनाच परवडते, हे मला पटत नाही.

पांझराकाठ, साक्री

माझ्याकडे शेत नाही, सात गावरान कोंबड्या आहेत. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की २१ दिवस तिच्या पाटीकडे माझे लक्ष असते. मागच्या चैत्रात १२ अंड्यांतून पाचच पिल्ले निघाली, कारण ऊन फार होते. त्यातला एक कोंबडा पुढे पाहुण्यांसाठी कापला. ज्याला मुठीतून कण्या चारल्या, त्याचा रस्सा ताटात आल्यावर कोणी उष्टे टाकले तर मला सहन होत नाही. हे समाधान आहे की दुःख, हे मला वेगळे करून सांगता येत नाही, पण तेव्हापासून आमच्या घरात ताटे स्वच्छ होतात.

गिरणाकाठची लेक

सर्वांचे मनापासून आभार. रावेरच्या भाऊंचे उत्तर वाचून मी रविवारी माहेरी गेले आणि आबांना, म्हणजे वडिलांना, विचारले की शेतातले काय सर्वांत जास्त आठवते. मला वाटले होते ते कापसाचे एखादे चांगले वर्ष सांगतील. त्यांनी बांधावरच्या गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) वेलाचे नाव घेतले. तो वेल ते दरवर्षी लावत, आणि शाळेतून येताना मी ओच्यात गिलकी भरून आणायची, माय त्यातली निम्मी शेजारी देऊन यायची आणि देताना एवढेच म्हणायची, “घरनी भाजी शे,” म्हणजे घरची भाजी आहे. निघताना आबांनी जुन्या डब्यातून कागदाच्या पुडीत बांधलेले गिलक्याचे बी दिले. कुंपणालगत आठ आळी करून ठेवली आहेत.